प्रदर्शनासाठी बोकड आणि कोकरू: तीन महिन्यांचा खुराक, पाणी आणि चाल

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं उत्तर कशाबद्दल आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याला तुमच्या शेतावर पाच महिन्यांचा जमनापारी बोकड आहे, वजन १९ किलो. त्याच वयाचा बरबरी आहे १३ किलोचा, तो दुसऱ्याच महिन्यात खच्ची केलेला. शिवाय झाशीकडून आणलेलं चार महिन्यांचं जालौनी कोकरू आहे. जानेवारीतल्या पशुप्रदर्शनात तिघांनाही उतरवायचंय, आता ऑक्टोबर अर्धा सरलाय. घरात आजोबा तूप-बदाम सांगतात, शेतावरचा गडी भिजवलेले हरभरे सांगतो, आणि तू अमेरिकेतले व्हिडिओ पाहून विचारतेस की तिथल्यासारखा तयार गोळीचा खुराक लावू का. ‘काका, नेमकं काय आणि किती घालू?’

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात शेळ्या-मेंढ्यांवर उपचार करण्यात माझी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही लोक जनावरं दाखवायला आणतातच. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो: बदामांचे पैसे बाजूला ठेव. त्यात लेंड्यांची तपासणी, लस आणि एक टांगता वजनकाटा येईल, आणि प्रदर्शनाच्या तयारीत या तिन्हींचा उपयोग बदामांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

कारण असं. आपण गव्हाणीत जे टाकतो ते आधी कोठीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू खातात. त्यांनी बनवलेली आम्लं आणि पुढे पचलेले ते जंतू स्वतः, यांच्यावर बोकड वाढतो. म्हणून खाऊ घालायचं ते त्या जंतूंना. बदामातलं बरंचसं प्रथिन हे जंतू आधी फोडतात आणि मग स्वतःच्या कामाला लावतात. तेच काम शेंगदाण्याची पेंड कितीतरी स्वस्तात करते. एकूण खाण्यात स्निग्धांश पाच-सहा टक्क्यांच्या वर गेला की चारा पचवणाऱ्या जंतूंचं काम मंदावतं, आणि तूप पाजलं की नेमकं हेच होतं. वाटीभर तुपानं बोकड तुकतुकीत दिसेल, पण भुसा तसाच पडून राहील. या वयात भांड्यातून पाजलेलं दूधही बरंचसं कोठीपोटात जाऊन आंबतं. भिजवलेले हरभरे वाईट नाहीत, मूठभर चालतात. पण ‘आवडीनं खातोय’ म्हणून शेरभर घातले तर पोट फुगतं, आणि दर हिवाळ्यात असं एखादं जनावर दगावतं.

अमेरिकेच्या व्हिडिओंबद्दल. तिथे मुलं जी खच्ची केलेली करडं आणि कोकरं रिंगणात आणतात, ती मांसाची जनावरं असतात आणि बहुतेकांचा शेवटचा मुक्काम कत्तलखानाच असतो. बोअरसारख्या जातीचं करडू चांगल्या खुराकावर दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास वाढू शकतं. आपला जमनापारी वेगळा. इटावा-भिंडच्या बेहडात, चंबळ-यमुनेच्या घळींमध्ये मान वर करून झाडपाला ओरबाडत ही जात घडली. उंची, लांब लोंबते कान, बाकदार नाक आणि मागच्या मांड्यांवरचे लांब केस ही तिची ओळख. तिला दिवसाला ८० ते १२० ग्रॅम वाढ मिळाली तर ती उत्तम समज, आणि बरबरीला ६० ते ९०. म्हणजे ९० दिवसांत जमनापारी आठ-दहा किलो चढेल. याहून जास्त रेटलंस तर वाढेल ती चरबी. शेळी चरबी आधी आत साठवते, मूत्रपिंडांभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात. कातडीखाली ती शेवटी येते. बाहेरून बोकड गुबगुबीत दिसू लागला तोवर आत किती साठली असेल याचा विचार कर. ज्याला पुढे पैदाशीसाठी ठेवायचंय त्याचं हे नुकसान सहज भरून निघत नाही.

तेव्हा अर्ज भरण्याआधी गट कोणते आहेत ते विचारून घे. जातीच्या गटात परीक्षक जातीची लक्षणं, ठेवण, पाय, दात आणि वृषण बघतात. खच्ची बरबरीला तिथे जागा नाही. वजनाचा किंवा खच्ची जनावरांचा वेगळा गट असेल तरच त्याला ने, नाहीतर त्याला घरीच राहू दे.

आता कामाचा क्रम. पहिले दोन आठवडे खुराक अजिबात वाढवायचा नाही. आधी जंत आणि लस.

पावसाळ्यानंतर आपल्याकडे जठरातला रक्त पिणारा जंत, हेमोंकस, अगदी जोरात असतो. डबऱ्यासारख्या कालव्याच्या आणि भाताच्या मुलखात तर जास्तच, कारण गवत ओलं राहतं. तो पोटात असेल तर तू घातलेला खुराक त्याच्याच घशात जाणार. तपासायची रीत सोपी आहे. बोकडाची मान हलकेच आपल्या दोन्ही गुडघ्यांमध्ये धर, तोंड उजेडाकडे. एका अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर किंचित दाब आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढ. आतली ओलसर त्वचा क्षणभर बाहेर येईल. तिचा रंग बघायचा, डोळ्याचा पांढरा भाग नव्हे, आणि क्षणभरच बघायचा, कारण ताणून धरलं की लाली वाढते आणि फसगत होते. गडद लाल किंवा लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर शंका घ्यायची. पांढुरकी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. हे दिवसा, उन्हाच्या उजेडात करायचं. बॅटरीच्या उजेडात रंग कळत नाही. दर पंधरवड्याला तिघांच्या पापण्या बघ आणि वहीत लिही.

लेंड्या सरकारी पशुचिकित्सालयात तपासून घे आणि औषध डॉक्टरांनाच ठरवू दे. मात्र डोस खऱ्या वजनावर काढला गेला पाहिजे. बरीचशी जंतनाशकं शेळीच्या शरीरातून मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतात, म्हणून शेळीला किलोमागे जास्त मात्रा लागते. कोकराच्या हिशोबानं बोकडाला पाजलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. काटा मिळेपर्यंत टेपनं काम चालव. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोज. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोज. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर २४ आणि लांबी २२ आली तर वजन १९ किलो. तुझ्या बोकडाचं तेवढंच आहे, तेव्हा पडताळून बघ.

लसीत सगळ्यात आधी आंत्रविषाराची. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू आतड्यात तसा असतोच. अचानक भरपूर दाणा आला की त्याला रान मोकळं मिळतं, तो विष तयार करतो, आणि कळपातलं सगळ्यात तजेलदार, सगळ्यात जास्त खाणारं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. प्रदर्शनासाठी पोसलेली जनावरं यात नेमकी सापडतात. आधी लस झालेली नसेल तर दोन मात्रा लागतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, आणि खरं संरक्षण दुसऱ्या मात्रेनंतर येतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस झाली नसेल तर तीही प्रदर्शनाच्या किमान तीन आठवडे आधी उरकून घे. लस टोचल्यावर दोन दिवस अंग कसकसतं, तेव्हा त्या दिवसांत चाल आणि अंघोळ बंद.

आता खुराक. १०० किलो मिश्रणाचं प्रमाण देतो, तू दहा-दहा किलोचं बनव. मक्याचा भरडा ३५, जवाचा भरडा १८, शेंगदाण्याची पेंड १५, मोहरीची पेंड १०, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना निघणारा चुरा) १०, गव्हाचा चोकर (कोंडा) ८, खनिज मिश्रण २, चुनखडीची भुकटी १, मीठ १. यात प्रथिन साधारण साडेसतरा टक्के बसतं, वाढत्या बोकडाला ते पुरेसं आहे. मुरैना-भिंड मोहरीचा मुलूख, त्यामुळे मोहरीची पेंड स्वस्त मिळते, आणि हात सैल सुटतो. पण ती कडवट असते आणि जास्त झाली तर खाणं कमी होतं, म्हणून दहावर थांबलो. शेंगदाण्याची पेंड घेताना तोडून वास घे. कुबट वास आला किंवा आत हिरवट-काळसर बुरशी दिसली तर फुकटातही घेऊ नकोस, त्यातलं विष यकृतावर जातं. भरडा जाडसर असू दे. पीठ केलंस तर ते कोठीपोटात झपाट्यानं आंबतं.

जमनापारीला सध्या तू १०० ग्रॅम देतेस असं लिहिलंयस. तिसऱ्या आठवड्यापासून दर चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढव आणि ३०० ते ३५० वर थांब. १९-२० किलोच्या बोकडाला दिवसाकाठी ७५० ते ८०० ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा जाता उरणारं, लागतं. त्यात खुराक ३२० ग्रॅम, हरभऱ्याचा किंवा मसुराचा भुसा ३०० ग्रॅम आणि हिरवा चारा सव्वा किलोच्या आसपास, असं गणित बसतं. वजन वाढेल तसं सगळंच थोडं वाढवायचं, पण खुराक वजनाच्या दोन टक्क्यांवर कधी नाही. बरबरीला याच हिशोबानं सुरुवातीला २०० ग्रॅमच्या आसपास. खुराक दोन वेळा विभागून, आणि आधी भुसा, मग खुराक. रिकाम्या पोटी दाणा घालायचा नाही.

डबऱ्याला भाताचा पेंढा ढिगानं पडलेला असतो, म्हणून लोक तोच घालतात. पोट भरेल, पण त्यात जीव नाही. द्विदल धान्यांचा भुसा शोध: हरभरा, मसूर, तूर. जमनापारीसाठी बोरीच्या, बाभळीच्या आणि शेवग्याच्या फांद्या तोडून त्याच्या डोक्याच्या उंचीवर टांग. ही जात वर तोंड करून खाणारी आहे. जमिनीवर पसरलेला चारा ती तुडवते आणि सोडून देते. टांगलेल्या फांद्यांवर मात्र दिवसभर तोंड चालू राहतं, आणि जमिनीवरच्या जंतांशी संबंधही कमी येतो. बाभळीच्या पाल्यातला तुरटपणा जंतांना त्रासदायक असतो हा आणखी एक फायदा. डिसेंबरात बरसीमची (हिवाळ्यातल्या हिरव्या चाऱ्याची) पहिली कापणी येईल तेव्हा सांभाळ: दव सुकल्यावर कापायचं, तास-दोन तास सुकू द्यायचं, भुसा खाऊन झाल्यावर द्यायचं. उपाशी जनावराला ओलं कोवळं बरसीम म्हणजे पोटफुगीला आमंत्रण.

मध्ये दिवाळी येते, म्हणून हे वेगळं लिहितोय. सणात घरचं उरलेलं पुरण, भात, पोळ्या, शंकरपाळी ‘मुक्या जिवालाही गोड’ म्हणून गव्हाणीत जातात. दिवाळीच्या त्या आठवड्यात आम्लतेनं लोळणारी जितकी जनावरं मी पाहिली तितकी वर्षभरात पाहिली नाहीत. शिजलेला स्टार्च आणि साखर कोठीपोटात तासाभरात आंबायला लागते, आम्ल वाढतं, चांगले जंतू मरतात. रवंथ बंद, डावी कूस फुगीर आणि हाताला पचपचीत, लेंड्यांऐवजी आंबूस वासाचं पातळ शेण, दात खाणं, डुलत चालणं. असं दिसलं की दाणा पूर्ण बंद, फक्त भुसा, १० ते १५ ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून सावकाश घोट-घोट पाजायचा, आणि डॉक्टरला फोन. यातून उठलेला बोकड महिनाभर मागे पडतो. तेव्हा घरच्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, आत्ताच प्रेमानं सांगून ठेव. पुरणपोळी माणसांसाठी.

आता तुझ्या बरबरीबद्दल, कारण तिघांमध्ये मला खरी काळजी त्याचीच वाटते. तो लवकर खच्ची झालाय. नर संप्रेरकं थांबली की मूत्रनलिका पुरती रुंद होत नाही. त्यावर दाणा आणि चोकर यांतून भरपूर फॉस्फरस, आणि थंडीत बर्फासारखं पाणी म्हणून कमी पिणं. या तिन्हींचा मिळून मूतखडा तयार होतो. तो वाळूसारखा बारीक असला तरी अरुंद नळीत अडकतो, बहुधा टोकाच्या बारीक शेपटीसारख्या भागात किंवा मधल्या वळणात. बोकड पाय ताणून उभा राहतो, पाठ खाली दाबतो, शेपटी झटकतो, कण्हतो, आणि थेंब-थेंब गळतं किंवा काहीच येत नाही. बघणाऱ्याला वाटतं शौचाला होत नाही, मग कुणी तेल पाजतं, आणि तेवढ्यात दिवस जातो. एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटतं. हे तासांचं काम आहे. पोटाखालचे केस कोरडे आहेत आणि त्यावर बारीक कडक खडे चिकटलेत असं दिसलं की डॉक्टरकडे ने, रात्र असली तरी. खडा टोकाशी असेल तर ते टोक कापून डॉक्टर वाट मोकळी करू शकतात.

टाळण्याचे उपाय मात्र साधे आहेत. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असायला हवं, म्हणून मिश्रणात चुनखडी घातली आणि चोकर आठवर ठेवला. त्याला चोकर वेगळा घालू नकोस. मीठ मिश्रणात आहेच, शिवाय चाटायला मिठाचा खडा ठेव, म्हणजे तहान लागेल. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी स्वच्छ बादलीत दे. थंडीत कोमट पाणी तो कितीतरी जास्त पितो, हे तू स्वतः मोजून बघ. अमेरिकेतल्या तयार खुराकात अमोनियम क्लोराइड असतं ते याचसाठी, त्यानं लघवी आम्ल होते आणि खडे जमत नाहीत. एकूण कोरड्या खाण्याच्या अर्धा टक्का, म्हणजे तुझ्या बरबरीला दिवसाला अडीच ते तीन ग्रॅम. चवीला खराब असतं, थोड्या गुळाच्या पाण्यात खुराकावर शिंपडून द्यावं लागतं. डॉक्टरला विचारून सुरू कर आणि छोट्या काट्यावर मोजून दे. अंदाजानं चमचे टाकायचे नाहीत.

कोकराची तऱ्हा वेगळी. वरचंच मिश्रण त्याला चालेल, पण खनिज मिश्रण वेगळं घ्यावं लागेल. मेंढीला तांबं सोसत नाही. गाई-म्हशींचं किंवा शेळ्यांचं खनिज मिश्रण तिला महिनोन्महिने दिलं तर तांबं यकृतात साठत जातं, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग प्रवासाचा, गर्दीचा, उपासाचा ताण पडला की एकदम रक्तात उतरतं. लघवी काळसर लाल, डोळे पिवळे, आणि जनावर हातचं जातं. प्रदर्शनाला नेण्याचा दिवस म्हणजे नेमका असा ताण. म्हणून ‘मेंढ्यांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं, तांबं न घातलेलं मिश्रण घे. मिळालं नाही तर चुनखडी आणि मिठावर भागव. त्याची गव्हाणही वेगळी असू दे, शेजारच्या गव्हाणीत तोंड घालण्यात कोकरं पटाईत असतात. बाकी कोकरू बोकडांपेक्षा भराभर अंग धरतं आणि चरबीही लवकर साठवतं, त्याचा खुराक वजनाच्या दीड टक्क्यावरच ठेव.

अंग भरतंय की नुसतं सुटतंय हे डोळ्यांना कळत नाही, विशेषतः लोकर असलेल्या कोकरात. ते हाताला कळतं. शनिवारी सकाळी, चारा घालण्याआधी, जनावराला सपाट जागी उभं कर. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर पंजा आडवा ठेव: अंगठा मणक्याच्या एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, आणि बोटांची टोकं मणक्याच्या आडव्या हाडांच्या टोकांखाली घालायचा प्रयत्न कर. टोकं टोचत असतील, बोटं सहज आत जात असतील, कण्याची धार लागत असेल, तर पाचपैकी दोन गुण. टोकं गोल लागतात, थोडं दाबल्यावर सापडतात, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं आहे, तर तीन. दाबूनही टोकं सापडत नाहीत आणि वर मऊ थर हलतोय, तर चार, म्हणजे जास्त झालं. मग हात छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये घाल. तिथला गोळा चिमटीत मावतो आणि हलतो का ते बघ. शेळीत ही जागा खरं बोलते. प्रदर्शनाच्या दिवशी तीन ते साडेतीन हवेत. साडेतीनच्या वर जायला लागला की मक्याचा वाटा कमी कर, भुसा वाढव, पण उपाशी ठेवू नकोस.

या मांसाला टणकपणा येतो तो चालण्यानं. खुराक हा अर्धाच भाग आहे, आणि इथे बहुतेक लोक कमी पडतात. तीन महिने खुंट्याला बांधून पोसलेला बोकड रिंगणात आला की खुब्यांवर सैल दिसतो, पायांच्या गाठी बसक्या, चार पावलांत धाप लागलेली. दोन आठवड्यांनंतर रोज दहा मिनिटांपासून सुरू कर आणि महिन्याभरात तीस मिनिटांवर ने, आठवड्यातून पाच-सहा दिवस. तुमच्या शेताजवळून हरसीचा कालवा जातो, त्याच्या बांधाची चढण याला उत्तम आहे, कारण चढ चढताना मागच्या मांड्या आणि कंबर काम करतात. पळवायचं नाही, फरफटत ओढायचं तर मुळीच नाही. सैल दोरीनं, त्याचं तोंड तुझ्या मांडीजवळ राहील असं चालव. या चालण्यातच तो दोरीला सरावतो. चालून आल्यावर दोन मिनिटं चारही पाय चौकोनात ठेवून, मान वर करून उभं राहायला शिकव. घरी येणाऱ्या पाहुण्यांना त्याचे ओठ उघडून दात बघायला सांग, पाय उचलायला सांग. वय दातांवरून ठरतं, परीक्षक तोंड उघडणारच, आणि अनोळखी हाताला बिथरणारं जनावर आपली ठेवण दाखवूच शकत नाही.

जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा पाच अंशांच्या खाली जातो, धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हटत नाही. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट लाव, पण वरची हवा मोकळी राहू दे. बंद खोलीत लघवीचा उग्र वास कोंडला की न्यूमोनिया होतो. खाली कोरडा पेंढा. तुमच्या भाताच्या पेंढ्याचा खरा उपयोग हा. थंडीच्या रात्री दाणा वाढवण्यापेक्षा मूठ-दोन मुठी भुसा जास्त घाल, तो पचताना पोटात ऊब तयार होते. अंघोळ एकदाच, प्रदर्शनाच्या चार-पाच दिवस आधी, भर दुपारी, कोमट पाण्यानं, आणि लगेच कोरडं करायचं. कोकराला तर धुवूच नकोस, लोकरीतली नैसर्गिक चिकणाई जाते आणि ती रुक्ष दिसते. कातडीपर्यंत हात घालून कचरा वेचून काढ, मागची घाणेरडी लोकर कातर, पुरे. रोज पाच मिनिटं ब्रश फिरवलास तर बोकडाला तुपाशिवाय चकाकी येते. खूर दोन-तीन आठवडे आधी कापून घे, आदल्या दिवशी नाही. जरा खोल गेलं तर लंगडायला लागेल आणि बरं व्हायला वेळ उरणार नाही. आणि जमनापारीच्या मांड्यांवरचे लांब केस नीटनेटकेपणाच्या भरात कापू नकोस, ते जातीचं लक्षण आहे.

शेवटचे दहा दिवस खाण्यात काहीही नवं आणायचं नाही. निघण्याच्या सकाळी खुराक निम्मा, भुसा पोटभर. तासा-दोन तासांच्या प्रवासातही जनावर वजन गमावतं, लांबच्या प्रवासात पाच-आठ टक्के सहज. ते पाणी आणि पोटातला चारा असतो, घाबरून जाऊ नकोस. घरचं पाणी दोन कॅनमध्ये घे. नव्या ठिकाणचं क्लोरीनच्या वासाचं पाणी कित्येक बोकड तोंडात घेत नाहीत. हवं तर थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून दे. काट्यावर चढवण्याआधी नळीनं किंवा बाटलीनं पाणी पाजून वजन फुगवणारे तुला तिथे भेटतील आणि ‘सगळेच करतात’ असं सांगतील. ते करू नकोस. पाणी फुप्फुसात गेलं तर जनावर तिथेच मरतं, आणि नाही गेलं तरी तो जिवाचा छळच आहे.

ग्वाल्हेरचा मेळा १९०५ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी जनावरांचा मेळा म्हणूनच सुरू केला. चांगलं जनावर चारचौघांत आणून दाखवायची आपल्या गावाची ही जुनी रीत. पण जिथे दहा गावांची जनावरं जमतात तिथे दहा गावांचे आजारही जमतात. सामायिक गव्हाणीत आणि हौदात तोंड घालू देऊ नकोस, शेजारच्या बोकडाशी नाकाला नाक लागू देऊ नकोस. कुणाच्या ओठांवर खपल्या दिसल्या तर तो मावा, म्हणजे तोंडावर फोड येणारा संसर्गजन्य आजार, असू शकतो, तो माणसाच्या हातालाही लागतो, तेव्हा हात न लावता लांब जा. परत आल्यावर तिघांना बाकीच्या कळपापासून तीन आठवडे वेगळं बांध आणि त्यांचं काम सगळ्यात शेवटी कर. खुराकही एकदम तोडायचा नाही, पंधरा दिवसांत हळूहळू खाली आण. जमनापारीला पैदाशीला लावायची घाई नको, वर्षाचा होऊ दे. आग्र्याच्या पुढे फरहजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था १९७९ पासून आहे, जमनापारी आणि बरबरी दोन्हींचे कळप तिथे आहेत. प्रदर्शन झालं की एकदा जाऊन तिथले बोकड आणि त्यांची गव्हाण बघून ये.

सध्या एवढंच कर: उद्या दुपारी तिघांच्या पापण्या बघ, लेंड्या तपासायला दे, शनिवारी वजन घे आणि कमरेला हात लावून गुण लिही. ते आकडे आणि तुझ्याकडे येणाऱ्या खनिज मिश्रणाच्या पाकिटावर तांबं किती लिहिलंय ते मला पाठव. कोकराचं प्रमाण त्यावरून वेगळं काढून देतो.